हंटरवाली आणि तिची लेक

रामायण एका बैठकीत सांगून संपत नाही. ज्या फलटणला मार्गशीर्षात श्रीरामाचा रथ निघतो, तिथल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. राज्याभिषेक झाला तरी कथा थांबत नाही. पुढे लव-कुश येतात आणि बापाच्याच यज्ञाचा घोडा अडवतात. मुलांनी आईबापांची गोष्ट पुढे न्यायची, ही आपल्या श्रोत्यांची जुनी सवय. चित्रपटाच्या ‘दुसऱ्या भागा’ची गोडी आपल्याला लागली ती या सवयीवर.

‘बाहुबली’चे २०१५ आणि २०१७ मधले दोन भाग एकत्र करून ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुमारे पावणेचार तासांचा एकच चित्रपट प्रदर्शित झाला. दोन्ही भाग एका दमात पाहायची हौस त्यातून भागली. पण हाणामारीच्या चित्रपटाला दुसरा भाग जोडण्याची कल्पना बरीच जुनी आहे. त्यासाठी १९३५ सालच्या मुंबईत जायला हवं.

जमशेद आणि होमी हे वाडिया बंधू तेव्हा ‘वाडिया मूव्हिटोन’ चालवत होते. त्यांनी एका गोऱ्या तरुणीला नायिका केलं. तिचं नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. बालपणीच ती हिंदुस्थानात आली. घोडेस्वारीत तरबेज, सर्कशीतही काम केलेली. पडद्यावर ती नादिया झाली. ‘हंटरवाली’त दुष्ट मंत्र्यानं राजाला कैद केल्यावर राजकन्या माधुरी मुखवटा चढवते, चाबूक हाती घेते आणि गरिबांच्या बाजूनं उभी राहते. पुरुषांना लोळवणारी बाई कोण पाहणार, या शंकेनं वितरक चित्रपट घेईनात. अखेर वाडियांनी आपले भागीदार मानचेरशा बिलिमोरिया यांच्यासह तो स्वतःच प्रदर्शित केला. ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. चाबूक, पट्टे, काड्यापेट्या अशा वस्तू लोकांनी तिच्या नावावर विकल्या. त्यासाठी कुणी निर्मात्याची परवानगीही घेतली नाही!

पुढची आठ वर्षं मात्र सोपी गेली नाहीत. जमशेद यांचा ओढा गंभीर चित्रपटांकडे, तर होमींचा करामतींकडे. भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. परळच्या वाडियांच्या स्टुडिओत १९४२ साली व्ही. शांताराम यांचं ‘राजकमल कलामंदिर’ उभं राहिलं. होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ काढली. नव्या कंपनीला पाय रोवायचे तर हमखास चालेल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी जुनं नावच पुन्हा बाहेर काढलं: १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ आला. नायिका पुन्हा नादियाच. तो चालला आणि कंपनीचा जम बसला.

अशा चित्रपटांचा मोठा आश्रय म्हणजे जत्रा-यात्रांतले तंबू. आपल्या सातारा-सांगली भागात तंबूतल्या सिनेमाची परंपरा पुढेही टिकली. मधे कापड लावून बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, बसायला जमीन. तेव्हा घरी बसून मागचा भाग पुन्हा बघायची सोय नव्हती. आठ वर्षांपूर्वीची नायिका लोकांच्या आठवणीतच जिवंत राहायला हवी होती, आणि ती राहिली. १९४३ मध्ये होमी वाडियांनी भांडवल केलं ते या आठवणीचं.

आज दोन भाग लागोपाठ पाहताना आपली नजर बहुधा मोठ्या खर्चावर, वाढलेल्या करामतींवर जाते. त्यासोबत आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्या भागाच्या वेळी निर्मात्याला कुणी दारात उभं करत नसतं. दुसऱ्याच्या वेळी नुसत्या नावावर गर्दी होते. मधल्या काळात धोका पत्करणारी माणसं कोण होती, हे पाटीवरच्या नावांत शोधावं. ‘हंटरवाली’च्या बाबतीत ती होती दोन भाऊ, एक भागीदार आणि स्वतः उड्या मारणारी एक बाई.