गाण्याचे शब्द आणि चकचकीत कागद

१९७८ च्या लंडनमध्ये संगीतविषयक नियतकालिक वाचायचे म्हणजे बोटे काळी करून घ्यायची. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस', 'मेलडी मेकर', 'साउंड्स' ही साप्ताहिके वृत्तपत्री कागदावर निघत आणि त्यांची शाई हाताला लागे. दाट मजकूर, लांबलचक लेख, बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल. गाण्याइतकाच गाण्यावरच्या वादात रमणारा तरुण हा त्यांचा वाचक.

यांपैकी पहिल्या साप्ताहिकाचा निक लोगन हा १९७३ पासून संपादक होता. पंकच्या धामधुमीत नव्या दमाचे लेखक आणून त्याने ते गाजवले. १९७८ मध्ये त्याने ती खुर्ची सोडली आणि ज्याच्याकडे ही साप्ताहिके ढुंकूनही पाहत नव्हती, असा वाचक निवडला. शाळेत जाणारा, खाऊच्या पैशांतून एखादी तबकडी घेणारा. त्याला समीक्षा नको होती. रेडिओवर ऐकलेल्या गाण्याचे नीट न कळलेले शब्द त्याला हवे होते.

'स्मॅश हिट्स'ची सारी रचना या एका गरजेतून उभी राहिली.

गाण्यांचे शब्द छापणारी स्वस्त मासिके आधीही होती. पण कागद हलका, मांडणी जेमतेम. लोगनने तेच शब्द चकचकीत कागदावर, रंगीत छायाचित्रांच्या शेजारी मांडले. पान कापून खोलीच्या भिंतीवर लावता यावे, इतके ते देखणे असे. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'ब्लाँडी' हा वाद्यवृंद होता. गंमत अशी की, हे प्रकाशित करणारी ईमॅप ही संस्था तोवर गळाने मासे पकडणाऱ्यांच्या आणि मोटारसायकलवाल्यांच्या साप्ताहिकांसाठी ओळखली जाई. ठरावीक छंदाचा वाचक तिला चांगला ठाऊक होता. कदाचित म्हणूनच ही कल्पना तिला पटली असावी. मासिक लवकरच पाक्षिक झाले.

जाणकारांनी नाके मुरडली. मला हा अन्याय वाटतो. कोवळ्या वयाच्या वाचकासाठी लिहायचे म्हणजे बाळबोध लिहायचे, असे या मंडळींनी कधी मानले नाही. मोठमोठ्या गायकांना ते 'मंगळवारचा रंग कोणता?' असे गंभीर चेहऱ्याने विचारीत. त्या प्रश्नासमोर गायकाचा सारा रुबाब गळून पडे आणि बारा वर्षांच्या वाचकाला तो आपल्यातलाच वाटू लागे. चेष्टा व्हायची ती प्रसिद्धीची, वाचकाची नव्हे. नील टेनंट हा याच कार्यालयात सहायक संपादक होता. १९८५ मध्ये पूर्णवेळ गाण्यासाठी तो बाहेर पडला, तेव्हा सहकाऱ्यांनी खोटे मुखपृष्ठ बनवून तो लवकरच परत येणार असे भाकीत केले. जानेवारी १९८६ मध्ये त्याच्या 'पेट शॉप बॉइज'चे 'वेस्ट एंड गर्ल्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

१९८७ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीही टॉम हिबर्टला 'स्मॅश हिट्स'साठी मुलाखत दिली. यातल्या बऱ्याच वाचकांना मतदानाचा हक्कही नव्हता! दशकाच्या अखेरीस कायली मिनोग आणि जेसन डोनोव्हन यांच्या भरात एका अंकाचा खप दहा लाखांच्या घरात गेला.

लोगन मात्र तेथे फार काळ रमला नाही. थोड्या मोठ्या वयाच्या वाचकांसाठी तसाच गुळगुळीत कागद वापरून, संगीताच्या जोडीला वेशभूषा आणि छायाचित्रण घेऊन मासिक काढावे, ही त्याची पुढची कल्पना ईमॅपने नाकारली. मग घरची शिल्लक घालून त्याने मे १९८० मध्ये 'द फेस' सुरू केले.

पुढे गाण्याचे शब्द इंटरनेटवर फुकट मिळू लागले आणि गायकांचे चेहरे संगीतवाहिन्यांवर अष्टौप्रहर दिसू लागले. फेब्रुवारी २००६ मध्ये 'स्मॅश हिट्स'चा शेवटचा अंक निघाला.