कर्जरोख्यांची राख आणि कारखान्याचे धुराडे

१/ महाराष्ट्राच्या राजकारणाची मुळे शोधायची, तर मंत्रालयापासून नव्हे, पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारपेठेपासून आरंभ करावा. मे १८७५ मध्ये तेथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि चोपड्या बाहेर काढून जाळल्या.

२/ हा उद्रेक अकस्मात नव्हता. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि कापसाचे चढलेले भाव कोसळले. सरकारने मात्र अनेक तालुक्यांत शेतसारा वाढवला. सारा रोखीने भरायचा आणि रोकड सावकाराकडे! १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला न्यायालयात काहीसे संरक्षण मिळाले. स्वस्त कर्जाचा प्रश्न मात्र उरला.

३/ त्याचे उत्तर पुढे सहकारातून शोधले गेले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या सुमारास तेथे गाळप सुरू झाले. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. संचालक मंडळाच्या निवडणुकांत ग्रामीण नेतृत्व घडू लागले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा या नेतृत्वाला सत्तेचे आणखी एक दार उघडले.

४/ परंतु मत सभासदाला, सभासदत्व ऊस पिकवणाऱ्याला आणि ऊस पाण्याखालच्या जमिनीला. बीडहून कोयता घेऊन येणारा भूमिहीन ऊसतोड मजूर त्या मतदारयादीबाहेरच राहिला. म्हणून सत्तेचा नकाशा वाचताना कालव्यांचा नकाशाही शेजारी ठेवावा.