शिकारीच्या नोंदीचा इतिहास : कागदी टॅगपासून डिजिटल टॅगपर्यंत
(अमेरिकेतील विस्कॉन्सिन व ऑरेगॉन या राज्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
वन्यजीव संरक्षणाचा इतिहास बहुधा अभयारण्ये आणि शिकारबंदीचे कायदे यांच्या आधारे लिहिला जातो. अमेरिकेत मात्र शिकार सरसकट बंद न करता तिचा हिशेब ठेवण्याचा मार्ग स्वीकारला गेला. मारलेल्या प्राण्याला बांधावयाचा टॅग, म्हणजे शिकाऱ्याला मिळणारी खूणचिठ्ठी, हे या हिशेबाचे एक लहानसे परंतु महत्त्वाचे साधन होय. एकविसाव्या शतकात या चिठ्ठीची जागा भ्रमणध्वनीवरील नोंद घेऊ लागली. या स्थित्यंतराने काय साधले आणि काय दुरावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा विस्तार झाला आणि शिकारीचे मांस दूरच्या शहरांत विकणे सोपे झाले. एकेकाळी अब्जावधींच्या संख्येने असलेल्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटचे कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावले. तत्पूर्वीच, १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदेशीरपणे मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य वाहतुकीला प्रतिबंध केला होता. विस्कॉन्सिन राज्याने १८९७ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी परवाना आणि संख्येची मर्यादा लागू केली. मर्यादा घातली की मोजणी करणे ओघानेच आले. परवाना शिकाऱ्याचा अधिकार सांगत असे. टॅग तो अधिकार एका प्राण्यापुरता वापरला गेल्याचे सांगू लागला. एका टॅगवर एकच प्राणी, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होते. खाजगी कृत्याची सार्वजनिक नोंद त्यातून होऊ लागली.

तपासणी केंद्रांचा काळ :
विस्कॉन्सिनमध्ये १९५३ पासून मारलेले हरीण नोंदणी केंद्रावर प्रत्यक्ष आणून दाखविणे आवश्यक झाले. दुकाने, मद्यगृहे, पेट्रोलपंप अशा ठिकाणी ही केंद्रे चालत. निवडक केंद्रांवर वन्यजीव अधिकारी हरणाचे दात पाहून वयाचा अंदाज घेत. वय व लिंग यांच्या या नोंदींवरून उरलेल्या कळपांच्या संख्येचे अनुमान केले जाई. गावकऱ्यांच्या दृष्टीने केंद्र हे शिकारीच्या हंगामातील भेटीगाठींचे स्थान होते. परंतु तेथे चारचौघांसमोर हरीण मांडले जात असल्यामुळे नोंदीला आपोआप साक्षीदार मिळत.

या प्रत्यक्ष तपासणीचे मोल पुढे आणखी स्पष्ट झाले. हरणांच्या मेंदूचा ऱ्हास करणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत प्रथम आढळला. २००२ मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये उघडकीस आला. आजारी हरीण दीर्घकाळ निरोगीच दिसते. त्यामुळे मेलेल्या हरणाच्या ऊतींची प्रयोगशाळेत तपासणी करणे अपरिहार्य ठरते.

डिजिटल नोंदीकडे :
२०१५ मध्ये विस्कॉन्सिनने केंद्रावर हरीण आणण्याची सर्वसाधारण सक्ती काढून टाकली. हरीण हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ पर्यंत दूरध्वनी वा इंटरनेटद्वारे नोंद करणे पुरेसे ठरले. ऑरेगॉनने २०१९ मध्ये टॅगच भ्रमणध्वनीवर आणला. तेथील व्यवस्थेत जंगलात संपर्कजाळे नसले तरी टॅग वापरल्याची नोंद करता येते. शिकाऱ्याने मात्र आपले नाव व नोंदीचा क्रमांक एखाद्या पट्टीवर हाताने लिहून ती प्राण्याला बांधावयाची असते. म्हणजेच टॅग डिजिटल झाला, तरी प्राण्याला चिठ्ठी बांधण्याची गरज संपली नाही. कागदी टॅगचा पर्यायही तेथे कायम ठेवण्यात आला.

विवेचन :
नव्या पद्धतीचे लाभ नाकारता येत नाहीत. आकडे लवकर हाती येतात, शिकाऱ्याचा दूरचा प्रवास वाचतो आणि वाचता न येणाऱ्या हस्ताक्षराची अडचण उरत नाही. परंतु शिकारी जेवढे सांगतो तेवढेच यंत्राला कळते. त्याला हरणाचा दात पाहता येत नाही की ऊतीचा नमुना घेता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये रोगतपासणीसाठी हरणाची डोकी स्वीकारणारी स्वतंत्र ठिकाणे उभारावी लागली. मात्र नमुना देणे हे बहुतांशी शिकाऱ्याच्या स्वेच्छेवर अवलंबून राहिले. पूर्वी एकाच ठिकाणी होणारी मोजणी आणि तपासणी अशा प्रकारे विभक्त झाली.

भारताचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात आरंभी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती आणि परवानाधारकाने मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी, असे कलम १० सांगत असे. १९९१ च्या दुरुस्तीने परवाने गेले आणि त्यांबरोबर हे कलमही रद्द झाले. भारताने शिकारच थांबविली, म्हणून तिच्या नोंदीचा प्रश्न मिटला. अमेरिकेत शिकार चालू राहिली, म्हणून नोंदीच्या विश्वासार्हतेचा प्रश्नही जिवंत राहिला.

समारोप :
टॅगचा इतिहास हा केवळ साधनांच्या सुधारणेचा इतिहास नव्हे. नोंदीला साक्षी कोण, हा प्रश्न त्यात प्रत्येक टप्प्यावर उपस्थित झालेला दिसतो. डिजिटल टॅगने नोंद सुलभ केली, परंतु केंद्रावरील साक्षीदाराची जागा रिकामी ठेवली. ती जागा स्वेच्छेने दिलेले नमुने कितपत भरून काढतात, यावर या नव्या व्यवस्थेचे यश अवलंबून राहील.