रस्ता कुणाचा, पैसा कुठला? गावच्या रस्त्याला निधी येतो तरी कसा

पावसाळा लागला की गावोगावी एकच विषय निघतो, रस्ता कधी होणार? सरपंच म्हणतात निधी नाही. झेडपीत गेलं तर म्हणतात हा रस्ता आमच्याकडं नाहीच. दोघंही खोटं बोलतात असं नाही. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, यावर पैसा कुठून येणार हे ठरतं. म्हणून अर्ज लिहायच्या आधी तेवढं विचारून घ्या.

राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. त्यांना क्रमांक असतो. क्रमांकच नसेल तर झेडपीच्या यादीत तुमचा रस्ता दिसतच नाही, मग कितीही निवेदनं द्या. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या.

ग्रामपंचायतीकडं येणारा मोठा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाचे पैसे राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व झेडपीला, अशी वाटणी झाली. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. समजा १० लाख आले, तर गल्लीचा रस्ता, दिवाबत्ती आणि बाकीची कामं ४ लाखांतच बसवायची. घरपट्टीतून जमलेल्या पैशातही मागासवर्गीय १५ टक्के, महिला-बालकल्याण १० आणि दिव्यांग ५ टक्के बाजूला काढावे लागतात. वरून पगार आणि लाइट बिल. आणि घरपट्टी आपण किती जण वेळेवर भरतो, तेही सांगायला नको.

मग येतं 'पंचवीस-पंधरा'. हे ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष, २५१५. आमदार-खासदारांनी सुचवलेली गावातली कामं यातून होतात. आमदार निधी आणि खासदार निधी वेगळे. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, तोही अख्ख्या मतदारसंघाला. फलकावर 'यांच्या फंडातून' असं लिहिलेलं असलं तरी पैसा सरकारचाच असतो.

झेडपीच्या रस्त्यांना जिल्हा नियोजन समितीतून ३०५४ आणि ५०५४ या हेडखाली पैसे येतात. स्मशानभूमीच्या रस्त्याला जनसुविधा, अनुसूचित जाती-नवबौद्ध वस्तीला वेगळा निधी, आदिवासी वस्तीला ठक्कर बाप्पा योजना. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. त्यात आता केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. या रस्त्याची पाच वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते. रस्त्याकडेच्या बोर्डावर काम संपल्याची तारीख बघा. पाच वर्षांच्या आत उखडला तर नवीन निधी मागू नका, दुरुस्ती मागा.

आता पाणंद. खरं रडगाणं इथंच आहे. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेचा शासन निर्णय ११ नोव्हेंबर २०२१ चा. पाया रोजगार हमीचा. तिथं मजुरीवर ६० आणि खडी-मुरूम वगैरे साहित्यावर ४० टक्के असं प्रमाण. काळ्या रानात नुसत्या मजुरीनं रस्ता होत नाही, म्हणून त्यात दुसरा निधी जोडायची मुभा ठेवली.

पण पैशाआधी जागा लागते. आमच्याच पाणंदीचं सांगतो. काम यादीत आलं होतं. दोन ठिकाणी बांध पुढं सरकलेले, मोजणीवरून भांडण पेटलं, कुणी मागं सरेना. काम दुसऱ्या पाणंदीला गेलं. त्या पावसाळ्यात आम्ही दुधाचे कॅन डोक्यावर आणले आणि सोयाबीनची मळणी दिवाळीनंतर केली. बांध सरकवणाऱ्यांत आमची भावकीही होती, हे लपवून उपयोग नाही.

त्यामुळं आधी गावनकाशा काढा. दोन तुटक रेषा असतील तर तो गाडीरस्ता, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेष असेल तर पायवाट, सव्वाआठ फूट. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर तहसीलदारांकडं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली अर्ज करायचा. नकाशावर रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर महसूल संहितेचं कलम १४३. मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा धरायला आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्का'त त्याची नोंद घ्यायला सांगितलंय. ही नोंद करून घ्याच. जमीन विकली तरी रस्ता राहतो.

जागा मोकळी झाली की ग्रामसभेत ठराव घ्या आणि काम आराखड्यात घालून घ्या. आराखड्यात नाव नसेल तर पैसा आला तरी खर्च टाकता येत नाही. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. बिल निघतं ते अभियंत्यानं मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, लिहिल्यावर. मोजमापाच्या दिवशी दोघं-तिघं तिथं हजर राहा, जाडी टेपनं मोजू द्या. आणि ग्रामपंचायतीनं वित्त आयोगातून काय खर्च केला ते मोबाईलवर ई-ग्रामस्वराजवर दिसतं. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि वर्ष टाकायचं.