पालेकर, अमोल

(२४ नोव्हेंबर १९४४). मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेते, नाट्य व चित्रपट दिग्दर्शक, चित्रकार. जन्म मुंबईचा, मध्यमवर्गीय मराठी घरातला. जे. जे. कला महाविद्यालयात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे काही वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली. बसच्या रांगेत उभा राहणारा, साहेबाला वचकून असणारा कारकून पडद्यावर त्यांनी इतका खरा उभा केला, त्यात या नोकरीचा वाटा असणारच.

नाटकात त्यांना ओढले सत्यदेव दुबे यांनी. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर दुबे यांनी १९७१ मध्ये काढलेल्या चित्रपटात पालेकरांनी काम केले. पण नट म्हणून नाव होण्याआधीच ते नाटके बसवू लागले होते. १९७२ मध्ये त्यांनी ‘अनिकेत’ ही संस्था स्थापन केली. बादल सरकारांचे ‘जुलूस’ प्रेक्षकांच्या अगदी जवळ नेले. नागपूरकर महेश एलकुंचवारांचे ‘वासनाकांड’ हाती घेतले आणि त्यापायी नाटकांच्या सेन्सॉरशी झगडाही केला. त्यामुळे ‘नट होता, मग दिग्दर्शक झाला’ एवढे म्हटल्याने त्यांची खरी ओळख होत नाही.

बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ (१९७४) आला आणि हिंदी पडद्याला एक वेगळाच नायक मिळाला. मन्नू भंडारींच्या कथेतला हा संजय वेळ पाळत नाही, सिनेमाला उशिरा पोचतो, ऑफिसातल्या बढतीच्याच गोष्टी सांगत बसतो आणि तरीही आपलासा वाटतो. पाठोपाठ ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ (दोन्ही १९७६) आले. मारधाडीच्या त्या दशकात हात न उगारणारा नायकही चालतो, हे या तीन चित्रपटांनी दाखवून दिले. हृषीकेश मुखर्जींच्या ‘गोलमाल’मधल्या (१९७९) रामप्रसाद-लक्ष्मणप्रसाद या दुहेरी सोंगासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. उत्पल दत्त आणि पालेकर यांची त्यातली जुगलबंदी आजही शिळी झालेली नाही.

या सोज्वळ प्रतिमेला त्यांनी स्वतःच वेळीच तडा दिला, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त (१९७७) बायकोच्या कमाईवर जगणारा, तिला पिळून काढणारा केशव दळवी त्यांनी रंगवला. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेल्या या चित्रपटात स्मिता पाटीलसमोर त्यांचा मऊ आवाजच अंगावर येतो.

पहिला चित्रपट दिग्दर्शित करताना लोकप्रिय कारकुनाला घेऊन हलकीफुलकी गोष्ट सांगणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी निवडले परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे हत्याकांड. गुप्तधनाच्या हव्यासातून झालेल्या त्या खुनांवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि ‘आक्रीत’मधली (१९८१) काळी भूमिका पालेकरांनी स्वतः केली. त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट रेडफर्ड हा लोकप्रिय नट ‘ऑर्डिनरी पीपल’ (१९८०) घेऊन दिग्दर्शनात उतरला आणि पहिल्याच प्रयत्नात ऑस्कर घेऊन गेला. तो स्वतः मात्र त्या चित्रपटात दिसला नाही. पालेकरांनी आपला चेहरा पणाला लावला. हे धाडस मोठे होते.

‘अनकही’ (१९८५) चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावर आधारलेला आहे. मुलाच्या पहिल्या बायकोला मरण आहे, असे भविष्य सांगणारा बाप आणि त्या भविष्याच्या तोंडी दिली जाणारी परकी मुलगी, असा हा पेच. यातल्या गायनासाठी भीमसेन जोशी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘थोडासा रूमानी हो जाएँ’ (१९९०) हे अमेरिकन नाटक ‘द रेनमेकर’चे भारतीय रूप. पाऊस पाडून देतो म्हणणारा नाना पाटेकरांचा बारिशकर आणि लग्न न जुळलेली, स्वतःलाच कमी लेखणारी अनिता कंवरची बिन्नी पाहताना कविता आणि संवाद यांतली सीमा पुसट होते. चित्रकाराचे डोळे खरे दिसतात ते ‘बनगरवाडी’त (१९९५). व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीतले माणदेशचे उजाड माळ, मेंढरे आणि नवखा मास्तर त्यांनी घाई न करता टिपले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांच्या कामाचा गाभा मात्र स्त्री-पुरुषसंबंधांवरच्या चित्रपटांत आहे. ‘दायरा’त (१९९६) स्त्रीवेशात जगणारा नाच्या आणि बलात्कारानंतर पुरुषवेश घेणारी तरुणी एकत्र प्रवास करतात. निर्मल पांडे आणि सोनाली कुलकर्णी यांच्या या चित्रपटाची परदेशात भरभरून दखल घेतली गेली. इथल्या चित्रपटगृहांनी त्याला तेवढी जागा दिली नाही. ‘अनाहत’मध्ये (२००३) नियोगाच्या, म्हणजे अपत्यासाठी परपुरुषाशी संग करण्याच्या जुन्या प्रथेच्या, निमित्ताने राणीला स्वतःच्या देहसुखाचा साक्षात्कार होतो. ‘क्वेस्ट’मध्ये (२००६) नवऱ्याचे पुरुषावर प्रेम आहे, हे कळल्यावर सुशिक्षित बायकोची होणारी घालमेल आहे. ‘ध्यासपर्व’ (२००१) तर र. धों. कर्व्यांवर. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणारा, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून मरेपर्यंत चालवणारा, खटले आणि उपेक्षा सोसणारा हा माणूस किशोर कदमांनी साकारला. कर्व्यांचे ऋण महाराष्ट्राने पुरते मानलेलेच नाही. या चित्रपटाने ते थोडेतरी मानले.

शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांना घेऊन केलेला ‘पहेली’ (२००५) या साऱ्यांहून भपकेदार दिसतो. पण विजयदान देथांच्या राजस्थानी कथेतली नवी नवरी भुताला जाणूनबुजून पती म्हणून स्वीकारते. निवड करणारी बाई इथेही मध्यभागी आहेच. ऑस्करसाठी भारतातर्फे हाच चित्रपट पाठवला गेला. या काळातल्या बऱ्याच चित्रपटांचे लेखन त्यांच्या पत्नी संध्या गोखले यांचे आहे. दूरदर्शनसाठी केलेली ‘कच्ची धूप’ (१९८७) ही मालिकाही आवर्जून नोंदवावी अशी.

नाटकांच्या संहिता प्रयोगाआधी तपासून घेण्याच्या सक्तीविरुद्ध २०१६ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनात, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्यांचा प्रश्न काढल्याबद्दल त्यांना भाषणात वारंवार थांबवले गेले. त्याच वर्षी, पंचाहत्तरीत, ‘कुसूर’ या नाटकातून ते रंगमंचावर परतले. ‘२०० हल्ला हो’मध्ये (२०२१) त्यांनी निवृत्त दलित न्यायाधीश साकारला. २००४ मध्ये नागपूरच्या न्यायालयात वस्तीतल्या बायकांनी एका गुंडाला संपवले, त्या घटनेवर हा चित्रपट बेतला आहे. ‘ऐवज’ हे त्यांचे आत्मकथन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.