बीजगणितातील भागाकार: पाटणे ते उमरी

बहुपदीस एकपदीने भागणे ही बीजगणितातील अगदी पहिल्या पायरीवरील क्रिया होय. तथापि ६क्ष² + ४क्ष या राशीस २क्ष ने भागावयास सांगितले, की पुष्कळ विद्यार्थी पहिल्या पदास भाग देतात आणि दुसरे तसेच खाली उतरवितात. उत्तर येते ३क्ष + ४क्ष. ही चूक आम्हांस आळसाची वाटत नाही. भागाकार म्हणजे वरखाली अक्षरे खोडणे, अशी जी समजूत होऊन बसलेली असते, तिची ती आहे.

भास्कराचार्यांनी शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या बीजगणित-भागात या समजुतीस जागाच नाही. त्यांच्या लेखनपद्धतीत अव्यक्त राशी म्हणजे 'या' (यावत्तावत्), तिचा वर्ग 'याव' आणि व्यक्त संख्या 'रू'. वरील भाज्य म्हणजे 'याव ६ या ४', भाजक 'या २'. नियमाचा आशय असा की, भाजकास ज्या ज्या वर्णांनी व रूपांनी गुणून तो गुणाकार भाज्यातून आपापल्या स्थानी क्रमाने वजा करता भाज्य निःशेष होतो, ती लब्धी. 'या २' ला 'या ३' ने गुणले की 'याव ६' जातो, 'रू २' ने गुणले की 'या ४' जातो. लब्धी 'या ३ रू २'. प्रत्येक स्थान मोकळे होईपर्यंत काम संपतच नाही! पुढे आचार्यांचा नातू चांगदेव याने या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, असे चाळीसगावाजवळील पाटणे येथील शिलालेख सांगतो.

पश्चिमेकडे बगदादेत अल्-करजी हा पंडित अकराव्या शतकाच्या आरंभीच बहुपदीस एकपदीने भागीत होता. भाजकही बहुपदी असता काय करावे, हे पुढल्या शतकात अस्-समौअल याने दाखविले.

हे दोन्ही प्रवाह आमच्या मराठवाड्यात एकत्र आले, पण ते विचित्र रीतीने. नांदेड जिल्ह्यातील उमरीचे नाव बहुतेकांस ठाऊक आहे ते १९४८ च्या बँकेवरील छाप्यामुळे. त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामी राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरविले, आणि ग्रंथांसाठी भाषांतरखाते आधीच उघडले होते. देशी भाषेत सारे शास्त्र आणण्याचे ते धाडस मोठेच होते. त्यास नावे ठेवणे आम्हांस पटत नाही. परंतु भाज्य तो 'मक्सूम', भाजक तो 'मक्सूम अलैह' आणि येणारे उत्तर 'खारिज-ए-किस्मत', हे अरबी शब्द मराठी घरातील मुलास अर्थाचा कोणताच धागा देत नव्हते. 'भाज्य' ऐकताच ज्यास भाग द्यावयाचा ते डोळ्यांपुढे येते. 'मक्सूम' त्यास पाठ करावा लागे. घरी वाटणी, शाळेत तक्सीम!

पुढे राज्य गेले, मराठी पाठ्यपुस्तके आली आणि भास्कराचार्यांच्या परंपरेतील भाज्य-भाजक परतले. आता सेमी-इंग्रजी वर्गात त्यांचेच 'डिव्हिडंड' आणि 'डिव्हायझर' झाले आहेत, आणि ४क्ष अजूनही न भागता खाली उतरतो.