पोटातला बँड कुठून आला?

आज एका हळदीकुंकवापासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीची संक्रांत. आमच्या गटातल्या एका ताईनं तिळाचा लाडू तोंडात घातला आणि दोनच मिनिटांत उठून मोरीकडे धावली. आतून ओकारीचा आवाज आला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "दिवस गेले वाटतं." तिचं वय तेव्हा बेचाळीस! दुसरी म्हणाली, "खात काही नाही, बारीक राहायची नाटकं, दुसरं काय." हे बोलणाऱ्या आम्हीच होतो, म्हणून सांगताना लाज वाटते. तिच्या पोटात तेव्हा सात वर्षांपासून सिलिकॉनचा एक बँड होता आणि तो बँड कुणीतरी तपासून पाहिल्याला चार वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्याखेरीज हे कुणालाच माहीत नव्हतं. सासूलासुद्धा "पित्ताशयाचं ऑपरेशन" म्हणून सांगितलेलं.

तिनं परवानगी दिली आहे ती एवढीच गोष्ट सांगायची, नाव-गाव नाही. बाकी आम्ही विचारून, वाचून, डॉक्टरांशी बोलून गोळा केलं ते असं.

वजन कमी व्हावं म्हणून पोटावर ऑपरेशन करायची कल्पना तशी जुनी नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न थेट पुढे नेण्याचे प्रयोग झाले. वजन उतरलं, पण जुलाब, क्षारांची कमतरता, काहींचं यकृतच निकामी. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. मग आयोवा राज्यातले डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी ज्या रुग्णांच्या जठराचा भाग काढला जातो, त्यांचं वजन पुन्हा वाढत नाही. त्यावरून त्यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केली. म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडायची. पण ही मोठी कापाकापी, पोट पूर्ण उघडून.

बँडचा विचार त्यातून पुढे आला. कापायचंच नाही, नुसतं बांधायचं. गोणीच्या तोंडाला दोरी बांधतो तसं जठराच्या वरच्या टोकाला पट्टा बांधला की वर दोन-तीन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी राहते. सुरुवातीचे पट्टे एकदा बांधले की तसेच राहायचे. घट्ट झाला तर माणसाचे हाल, सैल झाला तर उपयोग शून्य. १९८० च्या दशकात अमेरिकेत डॉ. लुबोमिर कुझमाक यांनी आणि स्वीडनमधल्या डॉक्टरांनी साधारण एकाच सुमारास यावर उपाय काढला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक पोकळ फुगा. त्याला जोडलेली बारीक नळी. नळीच्या दुसऱ्या टोकाला पोटाच्या कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिला पोर्ट म्हणतात. त्या डबीत बाहेरून सुई टोचून सलाईनचं पाणी घातलं की बँड घट्ट, काढून घेतलं की सैल. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसं.

सप्टेंबर १९९३ मध्ये बेल्जियममध्ये हुई या गावी डॉ. मितिकू बेलाचू यांनी हा बँड पहिल्यांदा दुर्बिणीतून माणसाच्या पोटात बसवला. हे डॉक्टर जन्मानं इथिओपियाचे. आता मोठा छेद नको, चार-पाच भोकं पुरेशी. त्यानंतर बँड जगभर पसरला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००१ मध्ये त्याला मान्यता दिली.

दुर्बिणीचं नाव काढलं की आमच्या बैठकीतल्या वयस्कर मावश्या लगेच म्हणतात, "ते तर आम्हाला कधीपासून ठाऊक." खरंच आहे. गावोगावच्या कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत बायकांनी दुर्बिणीची ऑपरेशनं करून घेतली. त्यातल्या अनेकींच्या बीजनलिकेवर बसवलेली रिंगसुद्धा सिलिकॉन रबराचीच. मुंबईत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीनं पोटाची तपासणी सुरू केली आणि १९९० मध्ये भारतातलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन केलं. बँड आपल्याकडे आला तो या तयार वाटेवरून. लठ्ठपणाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांची देशपातळीवरची संघटना २००२ मध्ये उभी राहिली.

एक फरक मात्र आहे, आणि आमच्या ताईची सगळी गोष्ट त्याच फरकात अडकली आहे. नसबंदीची रिंग एकदा बसली की विषय संपतो. बँडचं तसं नाही. बँड बसवला की काम सुरू होतं. सुरुवातीला काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तरी, जोवर तो पोटात आहे तोवर, तो बघणारा डॉक्टर लागतो. ताईचं ऑपरेशन २००९ साली झालं. तिनं पाटल्या मोडल्या. पहिली तीन वर्षं ती डोंबिवलीहून लोकलनं नियमित जायची, बँड घट्ट करून यायची. सत्तावीस किलो वजन उतरलं, साखरेच्या गोळ्या निम्म्या झाल्या, जिना चढताना लागणारी धाप थांबली. ती सांगते, "ती तीन वर्षं माझी सगळ्यात सुखाची." मग तिचे डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले. दवाखान्यातून सांगण्यात आलं, "आता इथे बँड कोणी करत नाही." तिला वाटलं, हे आपल्यापुरतंच झालं.

ते तिच्यापुरतं नव्हतं. जगभर तेच चाललं होतं. २००८ मध्ये जगात वजनासाठी होणाऱ्या ऑपरेशनांपैकी ४२ टक्के बँडची होती. २०११ मध्ये ती १८ टक्क्यांवर आली आणि २०१३ मध्ये १० टक्क्यांवर. कारणं कळायला थोडी वर्षं जावी लागली. बँड जागेवरून सरकतो. काहींच्या बाबतीत हळूहळू जठराच्या भिंतीत रुतत आत शिरतो. डबी उलटते, नळी गळते. वजन जेवढं उतरेल असं वाटलं होतं तेवढं पुष्कळांचं उतरलं नाही, आणि बऱ्याच जणांना बँड काढायला पुन्हा टेबलावर जावं लागलं. तोवर स्लीव्ह नावाची पद्धत पुढे आली होती. तिच्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी उभी नळी ठेवतात. नवे सर्जन स्लीव्ह आणि बायपास शिकले. ज्यांच्या पोटात बँड होता ती माणसं मागे राहिली. आम्हाला तर बंद पडलेल्या कंपनीची शिलाई मशीन आठवते. मशीन चालते हो, पण सुटा भाग आणायचा कुठून?

जाहिरातींचाही यात वाटा होता. कॅलिफोर्नियात रस्तोरस्ती बँडचे मोठे फलक लागले होते. त्यांत धोक्यांची माहिती नीट दिलेली नाही म्हणून डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ताकीद दिली. आपल्याकडे कल्याण-ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर, लोकलच्या डब्यात "पंधरा दिवसांत दहा किलो" असली पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांना कोण ताकीद देणार कोण जाणे.

मुंबईनं २०१७ मध्ये या विषयाचे दोन प्रसंग पाहिले. इजिप्तहून इमान अहमद नावाची बाई फेब्रुवारीत विमानानं इथे आणली गेली. वजन सुमारे पाचशे किलो सांगितलं होतं. मार्चमध्ये तिची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, मेमध्ये ती अबू धाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तिथे वारली. टीव्हीवर रोज तिचा आकडा दाखवत होते, आज इतके किलो कमी, आज तितके. त्याच फेब्रुवारीत एका नामवंत लेखिकेनं एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून मुंबई पोलिसांची थट्टा केली. तो मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला होता, आणि आपलं वजन आजारपणामुळे वाढलं असं त्यानं सांगितलं. पुढे मुंबईतच त्याचं ऑपरेशन झालं. सगळा देश एका माणसाच्या पोटावर हसला. मग आमची ताई सासूला पित्ताशय सांगते यात नवल ते काय?

"आळशी बायकांचा सोपा मार्ग" असं म्हणणाऱ्यांना आम्ही आता तिचं ताट दाखवतो. एक बशी. भात मऊ, वरणात कालवलेला. भाकरी आमटीत चुरून. पोळी कधी चालते, कधी अडकते. पाव जवळजवळ नाहीच, त्यामुळे डोंबिवलीत राहून वडापाव नाही! उपासाची चिकट खिचडी नाही. घास नखाएवढा आणि तो तोंडात पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्ध्या-पाऊण तासानं. एक घास जास्त झाला की छातीत गोळा येतो, तोंडाला पाणी सुटतं आणि मग मोरी गाठावी लागते. तिळाच्या लाडवानं त्या दिवशी तेच केलं. गंमत म्हणजे बँड घट्ट अन्न अडवतो, पातळ अडवत नाही. चहा, सरबत, आइस्क्रीम, वितळलेलं तूप सरळ खाली. म्हणून बँड असूनही वजन परत वाढू शकतं. डॉक्टर गेल्यानंतरच्या वर्षांत पोळी अडकते म्हणून ती गोड चहा आणि बिस्किटं बुडवून खाऊ लागली होती. अकरा किलो परत आले. त्यातही सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं, घाईघाईनं जेवायचं, ही आपल्या घरांतली बायकांची रीत. बँडवाल्या बाईला ती रीत चालतच नाही.

इतकं वजन मुळात वाढतं कसं, हाही प्रश्न बैठकीत आला. "खाऊन खाऊन," असं एका दमात उत्तर आलं. तेव्हा आम्ही पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम सांगितलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा त्यांनी अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी त्या मानानं कमी नव्हती. कमी होता तो स्नायू. २००४ मध्ये त्यांनी एका इंग्रज डॉक्टर मित्राबरोबरचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण इंग्रज मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आईच्या पोटात असताना जे मिळालं नाही त्याचा हिशोब पुढे साखरेच्या आजारात निघतो, असं ते काम सांगतं. आमच्या ताईची आई मुरबाडकडची, भातलावणीच्या दिवसांत सातव्या महिन्यापर्यंत चिखलात उभी. आता ताईला कोण आळशी म्हणणार?

पैशांचंही बोलू, कारण गटात कर्जासाठी ही चौकशी येते. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे आरोग्य विम्यात हे ऑपरेशन सरसकट नाकारता येत नाही. वय अठराच्या पुढे हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि निर्देशांक ४० किंवा जास्त हवा. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असा आजार असेल आणि साधे उपाय करून वजन उतरलं नसेल तर ३५ चालतो. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. दीड मीटर उंचीच्या बाईचं वजन नव्वद किलो म्हणजे निर्देशांक ४०. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र वाचून घ्या. आणि गटाच्या कर्जातून नुसत्या ऑपरेशनचा खर्च धरू नका, पुढच्या पाच वर्षांच्या तपासण्या आणि जाण्या-येण्याचं भाडंही धरा. आम्ही इतिवृत्तात तसा ठरावच केला आहे.

हळदीकुंकवानंतर ताईचं काय झालं ते राहिलं. तिच्या ओकाऱ्या वाढल्या, पाणीही टिकेना. एका रात्री आम्ही तिघी तिला रिक्षात घालून घेऊन गेलो. ड्युटीवरच्या मुलानं पित्ताचं इंजेक्शन दिलं, कारण आम्ही त्याला बँडचं सांगितलंच नाही. आम्हालाच माहीत नव्हतं! तिनंच शेवटी कण्हत सांगितलं. सकाळी ठाण्यात एका सर्जननं डबीत सुई टोचून सगळं पाणी काढून घेतलं आणि तासाभरात ती घोट घोट पाणी प्यायली. फोटोत बँड थोडा सरकलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, असं सतत ओकत राहिलं तर जीवनसत्त्व ब-१ संपतं आणि नसांवर, मेंदूवर परिणाम होतो. पोटात सतत कळ, पाणी न टिकणं, डबीच्या जागी लाली किंवा पू, काळी शी, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही. रुक्मिणीबाई असो, शास्त्रीनगर असो की कळवा, दारात शिरताच पहिलं वाक्य "माझ्या पोटात बँड आहे" हेच. बँड असताना दिवस गेले तरी आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण तेव्हा तो सैल करावा लागू शकतो.

बँड काढायचा की ठेवायचा, हे अजून ठरलेलं नाही. तो काढून दुसरं ऑपरेशन करता येईल असं डॉक्टर म्हणतात, तिला भीती वाटते. सध्या तो सैल आहे, गोळ्या चालू आहेत, वजन दर महिन्याला गटाच्या काट्यावर बघतो. सासूला तिनं खरं सांगितलं. सासू दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी वरणातला भात वेगळा कालवून तिच्यापुढे ठेवला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. आमच्यातल्या दोघी बरोबर जाणार, सकाळची डोंबिवली-ठाणे धीमी धरून.